बायकांच्या कवितांसाठी संस्था काढली त्याचा अनुभव (परभणी)

बरेच जण विचारतात की ताई तुम्ही ती कवयित्रींची संस्था रजिस्टर कशी केली, कागद काय काय लागले, आणि मुख्य म्हणजे कविता लिहायला संस्था कशाला पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते.

आपल्याकडं कविसंमेलन म्हणलं की ते रात्रीचं. आठचं नऊला सुरू होणार, मग हारतुरे, प्रास्ताविक, अध्यक्षांना लवकर जायचंय म्हणून त्यांचं आधी, आणि बाईचा नंबर लागेपर्यंत साडेअकरा. सोनपेठ, पालम, जिंतूरकडच्या खेड्यातल्या बाईनं परत जायचं कसं? एसटी तर कधीच गेली. म्हणजे सोबत नवरा नाहीतर भाऊ पाहिजे, गाडी पाहिजे, नाहीतर मुक्काम, आणि मुक्कामाचं घरी विचारण्यापेक्षा जाऊ दे ती कविता असं होतं. एवढं करून हातात काय तर शाल आणि नारळ. माझ्या एकटीच्या कपाटात शालींची चळत लागलीय, त्यातल्या एकीनंही बसचं तिकीट निघत नाही.

आणि हा जनाबाईचा जिल्हा बरं का! गंगाखेड आमचंच. मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात ती महदंबा तेराव्या शतकातली, संत बहिणाबाई वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या, म्हणजे बायकांनी रचायचं हे काही आपल्याकडं नवीन नाही. पण अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी 2025 ला दिल्लीत तारा भवाळकर बसल्या तेव्हा त्या फक्त सहाव्या बाई, आणि संमेलन होतं 98 वं. हे एकदा हिशोब करून बघितलं ना की पुढं कुणी "बायकांसाठी वेगळं कशाला" म्हणलं तर वाद घालायची इच्छाच राहत नाही.

तर आम्ही काहीजणी, दोन शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका, एक सिस्टर, एक शिवणकाम करणाऱ्या ताई, अशा मिळून दुपारच्या बैठका घ्यायचो. अकरा ते साडेतीन, शेवटची गाडी आरामात सापडते. पैसे आपापसात काढायचे. मग पुण्यातल्या एका ओळखीच्या काकांनी विचारलं की मी दरवर्षी काही रक्कम देतो पण पावती पाहिजे, 80जी ची पाहिजे, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळते ती. तिथून हे सगळं लागलं मागं.

आधी ठरवायचं ट्रस्ट का सोसायटी. ट्रस्टला माणसं कमी लागतात, ट्रस्ट डीड केलं की झालं, पण मग ते दोघा-तिघांच्याच हातात राहतं. सोसायटी म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम 1860, त्याला कमीत कमी सात सभासद लागतात, घटना-नियमावली लागते, निवडणूक, सर्वसाधारण सभा सगळं आलं. वकील साहेब म्हणले ट्रस्ट करा, सोपं पडेल. आम्ही सोसायटी केली. कारण साधं आहे, आमच्यातल्या निम्म्याजणींनी आयुष्यात ग्रामसभेतसुद्धा हात वर केलेला नव्हता, म्हणलं निदान इथं तरी करू देत. महाराष्ट्रात सोसायटी काढली तरी ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली परत नोंदवावी लागते, म्हणजे सर्टिफिकेट दोन मिळतात, आणि दुसऱ्यावर 'एफ' नं सुरू होणारा नंबर असतो. दोन्ही कामं धर्मादाय ऑफिसलाच. सभेचा ठराव, सगळ्यांचे आधार, प्रतिज्ञापत्र, जागेचं संमतीपत्र आणि त्या जागेचं लाईट बिल. जागा म्हणजे माझ्या घराची पुढची खोली, लाईट बिल सासऱ्यांच्या नावचं आणि सासरे वारलेले, त्यामुळं ते बिल आधी नावावर करून घ्यावं लागलं, ते एक वेगळंच महाभारत, ते इथं लिहीत नाही.

खरी मजा उद्देश लिहिताना आली. बहुतेक जण दुसऱ्या संस्थेची घटना आणतात आणि नाव बदलतात. आम्हाला पण एक मिळालेली, तिच्यात 'साहित्य, कला, क्रीडा, शेती, आरोग्य, गोपालन' असं सगळंच होतं. सीएनी समजावून सांगितलं की उद्देशात जे आहे त्यावरच खर्च दाखवता येतो, पुढं ऑडिटला कुणी विचारलं की हा खर्च कशात बसतो तर बोट ठेवता आलं पाहिजे. मग आम्ही खोलीत सतरंजीवर बसून एकेक ओळ लिहिली. लिहिणाऱ्या व गाणाऱ्या महिलांना प्रवासखर्च देणे, बसभाडे देणे, सोबत लहान मूल असल्यास त्याचीही सोय करणे, वही-पेन-टपाल खर्च देणे, जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून उतरवून ठेवणे. वकील साहेब हसले, म्हणले "मॅडम, बसभाडे हा काय उद्देश असतो का?" आमच्या अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "आमचा तर तेवढाच हाय." राहिलं ते तसंच.

मग पॅन, मग बँक. पॅनवरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, आणि आपलं सर्टिफिकेट मराठीत, पॅन इंग्रजीत. 'महिला' मधल्या 'हि' ला एक आय का दोन ई यावरून एका बँकेनं आम्हाला असं काही फिरवलं की विचारू नका. साहेब रजेवर, साहेब मीटिंगला, परत या. शेवटी दुसऱ्या बँकेत गेलो, तिथल्या मॅडमनी ठरावाची एक ओळ बदलून आणायला सांगितली आणि खातं उघडून दिलं.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात सांगते. आमच्या वेळी फॉर्म 10ए भरला की 12एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि 80जी ची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळायची, काम सुरू झाल्यावर 10एबी भरून ती पक्की करून घ्यायची. देणगीदारांची यादी 10बीडी फॉर्ममध्ये 31 मेच्या आत टाकायची, त्यावरून 10बीई हे देणगीचं सर्टिफिकेट निघायचं ते देणगीदाराला पाठवायचं, नुसत्या आपल्या पावतीवर त्यांना सवलत मिळत नाही. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. दोन हजाराच्या वर रोख घेतली तर त्यांना सवलत नाही. आता 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळं माझ्या आकड्यांवर जाऊ नका, आपल्या सीएला विचारून घ्या. सीए मात्र असा बघा की ज्याला छोट्या संस्थेचा कंटाळा नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. आपल्याकडं कितीतरी बायका लपून लिहितात. जुन्या कॅलेंडरच्या मागं, पोराच्या वहीच्या शेवटच्या पानांवर. सासरी माहीत नसतं, माहीत असलं तरी छापून आलेलं चालत नाही, त्यात माहेरचं काही आलं, नवऱ्याचं पिणं आलं, तर संपलंच. म्हणून टोपणनाव. आणि हिशोबाला काय पाहिजे तर नाव, गाव, सही, व्हाउचर! मानवतकडच्या एक ताई होत्या, कापूस वेचायला जाणाऱ्या, त्यांची कविता होती त्यात दोनच ओळी अशा होत्या,

रेशनकार्डात माझं नाव तिसऱ्या ओळीत,
वहीत मात्र पहिल्याच पानावर.

त्यांनी बसभाडं घेतलं आणि व्हाउचर पुढं केल्याबरोबर पैसे परत टेबलावर ठेवले. म्हणल्या, "माय, कागदावर नका घेऊ मला. हे पेपरात यायलंय का कुठं?" मला सांगता येईना, कारण मलाच माहीत नव्हतं की हा कागद पुढं कोण कोण बघणार. त्या दिवशी त्यांचं भाडं मी खिशातून दिलं पण हे किती दिवस चालणार, आणि खिशातून द्यायचं तर मग संस्था कशाला काढली.

सीएकडं गेले, म्हणलं टोपणनावावर व्हाउचर चालेल का. ते नाहीच म्हणले, आणि त्यांचं बरोबर होतं, उद्या कुणी म्हणेल सगळी नावं खोटी, पैसे यांनीच खाल्ले. पण त्यांनीच रस्ता काढला. लाभार्थ्यांचं एक रजिस्टर, त्यात खरं नाव, गाव, सही नाहीतर अंगठा, आणि प्रत्येकीला एक नंबर. रोजच्या व्हाउचरवर नंबर आणि सही. ते रजिस्टर कुलपात, दोघींच्या सहीशिवाय काढायचं नाही, ऑडिटला सीए स्वतः इथं येऊन बघणार, फोटो नाही, झेरॉक्स नाही. वार्षिक अहवालात नुसते आकडे, आणि कविता छापली तर तिनं सांगितलेलं नाव. कार्यकारिणीत हे ठरावानं मंजूर करून घेतलं. एखाद्या अधिकाऱ्यानं रीतसर मागितलं तर रजिस्टर दाखवावं लागणारच, ते आम्ही प्रत्येकीला आधी तोंडानं सांगतो. काहीजणी ते ऐकून पैसे घेत नाहीत, बैठकीला मात्र येतात. मानवतच्या ताई सहा-सात महिने तशाच यायच्या, मग एक दिवस आपण होऊन रजिस्टर मागितलं, चष्मा नव्हता म्हणून कागद लांब धरून वाचलं, वर कुणाकुणाच्या सह्या आहेत ते बघितलं आणि सही केली, लई मोठी, दोन रकान्यांत.

दुसरी गोष्ट तिकिटाची, ही कुणी सांगत नाही. एसटीचं मशीनचं तिकीट असतं ना, त्याची शाई उडते. मार्चला हिशोब लावायला बसलात तर हातात कोरे पांढरे कागद. आमच्याकडं आता बैठकीला आल्याबरोबर तिकीट घेतात, त्याच दिवशी झेरॉक्स, मागं नंबर, आणि व्हाउचरला पिन. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा आमचा प्रवासाचा खर्च धाडकन खाली आला, एवढा की सीएनी विचारलं कार्यक्रम कमी केले का काय. उलट जास्त झाले, आधी जिथून एकटीच यायची तिथून आता जावेला घेऊन येते.

पुस्तकांबद्दल पण लोक विचारतात. एकीला एका प्रकाशकानं संग्रहासाठी एवढी रक्कम सांगितली की त्यात शेळ्या आल्या असत्या, वर शंभर प्रती तुम्हीच घ्या. आम्ही स्वतः छापतो, लहान, चौसष्ट पानी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, फुकट मिळतो हे बऱ्याच जणांना माहीत नाही, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडं ऑनलाईन अर्ज करायचा, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. विक्रीचं मात्र सांभाळून. धर्मादाय संस्थेनं 'सर्वसाधारण लोकोपयोगी' उद्देशाखाली विक्री केली तर ती एकूण जमेच्या 20 टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. आपल्या कवितासंग्रहांची विक्री 20 टक्क्यांच्या वर जाईल ही भीती बाळगायची वेळ अजून तरी आली नाही म्हणा!

ओव्यांचं काम सगळ्यात हळू चालतं. म्हाताऱ्या बायका जात्याशिवाय गात नाहीत, नुसतं म्हण म्हणलं तर आठवत नाही म्हणतात. मग जातं आणलं, ज्वारी आणली, मोबाईल उशीवर ठेवला. पण व्हाउचर कुणाच्या नावानं? ओवी आईकडून आली, आईला आजीकडून. मानधन गाणारीला देतो, तेवढंच. दळलेलं पीठ त्या घरी घेऊन जातात, त्याचं व्हाउचर नाही.

सध्या चेंज रिपोर्टच्या मागं आहे, म्हणजे पदाधिकारी बदलले की धर्मादाय ऑफिसला कळवायचं ते. आमच्या खजिनदार सिस्टरची बदली संभाजीनगरला झाली, त्यांनी राजीनामा दिला, नवीन नाव आलं, की 90 दिवसांच्या आत बदल अर्ज टाकावा लागतो, परत ठराव, परत संमतीपत्र, परत प्रतिज्ञापत्र. जुन्या संस्थांचे हे अर्ज वर्षानुवर्षं भरलेलेच नसतात आणि मग दोन गट झाले की कोर्टात कळतं अध्यक्ष कोण ते, म्हणून हे आळस न करता करा. ऑडिटचं पण तसंच, 31 मार्चनंतर सहा महिन्यांत झालं पाहिजे, उलाढाल कितीही लहान असो तुमचा सीए जे म्हणेल ते ऐका.

कुणाला आमच्या घटनेची झेरॉक्स पाहिजे असेल तर देईन, काही त्यात गुपित नाही. उद्देश तुमचे तुम्ही बसून लिहा, गोपालन वगैरे घालू नका. बसभाड्याची ओळ मात्र जशीच्या तशी उचलली तरी आमची हरकत नाही.