पान उडालं

आज कोयनेच्या बाजूला बामणोलीकडच्या रानात भावकीतल्या दादांबरोबर हिंडलो. फणसाखाली कुजका गरा पडला होता, त्यावर एक वाळकं पान. दादांनी काडी पुढं केली आणि पान उडालं की राव! उडताना आतून गर्द निळं, तिरका फिकट पट्टा. बुंध्यावर टेकलं, पंख मिटले, परत वाळकं पान.

हे ब्ल्यू ओकलीफ फुलपाखरू. पंख मिटले की मधली शीर पार टोकापर्यंत दिसते, मागच्या पंखाचं शेपूट खोडाला टेकून देठ बनतं. बुरशीचे काळे ठिपकेसुद्धा आहेत! आणि दोन फुलपाखरांची नक्षी हुबेहूब एकसारखी नसते. नाहीतर पाखरांनी ती केव्हाच ओळखली असती. फुलांकडं हे फारसं फिरकत नाही. कुजकी फळं आणि झाडाचा पाझरणारा रस, एवढ्यावर भागतं. अळ्या वाढतात कारवीवर, म्हणजे कारवी तोडली की यांचं घरच गेलं.

पर्णकीटक, म्हणजे पानासारखे दिसणारे किडे, त्याच्याही पुढचे. ते खरोखरची पानंच खातात, चालताना वाऱ्यात हलल्यागत डुलतात, अंडीही बियांसारखी. मला मात्र हे फुलपाखरूच भारी वाटतं, कारण ते एका क्षणात दोन्ही रूपं दाखवतं.

फोटो बारा काढले. अकरांत नुसतं खोड आलंय. बाराव्यात आहे, शोधा. दादा म्हणतात, "त्यातबी नाय."