मुंगळ्यांनी वेळ घेतला तर

"एवढ्याशा पोरांना घेऊन डोंगरात तंबू ठोकून कशी गं राहतेस? भीती नाही वाटत?" सोसायटीच्या जिन्यात, शाळेच्या फाटकापाशी, परवा तर एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न. 'आई असून जरा अतीच करतेस' हा त्यातला न बोललेला भाग मी ऐकून न ऐकल्यासारखा करते. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाटते, चांगलीच वाटते. फक्त बिबट्याची नाही.

आम्ही बहुतेक वेळा राजमाचीच्या किल्ल्यावर जातो. लोणावळ्याहून तुंगार्ली धरणाकडून निघालं की पंधरा-सोळा किलोमीटरची वाट, पण बरीचशी सपाटीची. पावसाळा सोडला तर आदळत-आपटत जीप थेट गडाखालच्या उधेवाडी गावापर्यंत जाते. कर्जतकडून कोंढाण्याच्या लेण्यांवरून येणारी वाट अंगावर येणारी आहे, मुलं मोठी होईपर्यंत तिचं नावही काढत नाही. जीप आम्ही अलीकडेच सोडतो आणि शेवटचे चार किलोमीटर चालतो.

पहिल्या खेपेला थोरला पाच वर्षांचा होता. घरून निघतानाच आमचं ठरलेलं: सूर्यास्त श्रीवर्धनवरून बघायचा. राजमाचीला दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. मधल्या खिंडीत भैरोबाचं देऊळ. त्यातला श्रीवर्धन उंच. पोरगं देवळापाशीच दमलं होतं. दीपमाळेला टेकून म्हणालं, "मी इथेच थांबतो." आम्ही काय केलं? चॉकलेट दाखवलं, "हे बघ, आलंच" म्हटलं, ओढत नेलं. सूर्यास्त बघितला, अगदी सुंदर होता. मग अंधारात घसाऱ्यावरून उतरताना नवऱ्याच्या खांद्यावर झोपेला आलेलं मूल, माझ्या हातात विझत चाललेली बॅटरी आणि दोघांच्याही तोंडातून शब्द नाही. खाली आल्यावर कळलं, भाड्याने आणलेल्या तंबूत एक काठीच कमी आहे. ती रात्र एका मावशींच्या पडवीत काढली.

त्या दिवसापासून मला भीती वाटते ती आमच्या घाईची. डोंगरात मुलांना काही होतं ते बहुधा मोठ्यांना कुठेतरी वेळेवर पोहोचायचं असतं म्हणून, असं माझं मत झालंय. बाकीच्या गोष्टींना उपाय असतात. सकाळी बूट उलटे करून झटकायचे, विंचू सावलीला आत शिरतो. दगड उचकायचे नाहीत. कड्याला आग्या मोहोळ दिसलं की धूर नाही, अत्तर नाही, ओरडणं नाही. गडावरच्या टाक्यांपाशी मुलाचा हात सोडायचा नाही. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी; चुकलास तर जागचा हलू नकोस, वाजवत राहा. (शिट्टीचा एक दुष्परिणाम आहे, तो तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळेल.) आणि तंबू गडावर नाही, गावात, विचारून, कुणाच्या तरी अंगणात. पाणी जवळ, माणसं जवळ, शिवाय रात्री चुलीवरचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. याला खरं कॅम्पिंग म्हणत नाहीत, असं माझा दीर म्हणतो. त्याला मुलं नाहीत.

गेल्या डिसेंबरात थोरला सात वर्षांचा होता आणि धाकटी चार. ते चार किलोमीटर चालायला आम्हाला सव्वातीन तास लागले. त्यातला पाऊण तास एका मेलेल्या भुंग्यापाशी गेला. मुंगळे त्याला ओढत नेत होते, वाटेत कारवीची काडी आडवी आलेली. काडी उचलावी की नाही यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मी दगडावर बसून घड्याळ बघितलं, मग ते पिशवीत टाकलं. शेवटी मुंगळ्यांनीच भुंगा काडीवरून चढवून नेला.

रात्री दोनला धाकटीने उठवलं, "शू." तंबूची चेन उघडली तर थंडी अशी की दात वाजायला लागले. ती बसल्या बसल्या वर बघत म्हणाली, "आई, हे सगळे आपल्याकडे का येत नाहीत?" मृग पश्चिमेला कलला होता, मागे व्याध लखलखत होता. मी तिला मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांचा, त्रिकांडाचा बाण दाखवला. तिने तो बघितला की नाही कुणास ठाऊक, उभ्यानेच झोपली.

घरी आल्यावर आजीने विचारलं, "काय काय बघितलं गडावर?" मी थोरल्याला वाटेत सगळं सांगितलेलं, अगदी १६५७ साली महाराजांनी गड घेतला इथपासून. थोरला म्हणाला, "बकरीने माझा मोजा खाल्ला."

धाकटी अजून श्रीवर्धनवर गेलेली नाही. देवळापर्यंत दोनदा पोहोचलीय. येत्या डिसेंबरात पुन्हा निघतोय. बघू, मुंगळे किती वेळ घेतात.