चैत्रातले हळदीकुंकू

पाडवा होऊन चार-पाच दिवस झाले होते. सकाळी सातला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात नेहमीप्रमाणे फिरायला गेलो, तेव्हा फुलपाखरू एकही दिसले नाही. त्यात नवल काही नव्हते, कारण उडण्याआधी त्याला उन्हात अंग शेकून घ्यावे लागते. म्हणून परतीची घाई न करता ऊन वर येईपर्यंत एका कट्ट्यावर बसून राहिलो.

साडेआठच्या सुमारास रुईवर बिबळ्या कडवा हा फुलपाखरू-पाहुणा आला. तो मात्र बाराही महिने भेटतो. मी वाट पाहत होतो ती हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराची.

ते दिसले आंब्याच्या शेंड्याजवळ. उडताना ते काळ्या शिरांचे पांढरे फुलपाखरू एवढेच वाटते. पण पंख मिटून बसले, की खालची बाजू समोर येते आणि हे नाव कशावरून पडले ते कोणी सांगावे लागत नाही, इतकी हळदीच्या पिवळ्या रंगावर कडेने कुंकवाची बोटे उमटलेली असतात. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान नीलवंताला दिला, तो योग्यच आहे. तरी घरोघरी चैत्रगौर बसलेली असताना हे दिसले, की माझ्या लेखी मान याचाच.

मोहोराकडे न वळता ते फांदीवरच्या बांडगुळाभोवती घिरट्या घालत होते. मग पानाला धरून तिने पोट वाकवले, तेव्हा ती मादी असल्याचे कळले. बांडगूळ हेच तिच्या अळ्यांचे अन्न. अंडी ती एकमेकांलगत घालते, अळ्या दाटीवाटीने एकत्र खातात आणि फांदीला धक्का लागला, तर रेशमी धाग्याला लोंबकळतात. बांडगूळ झाडाचा रस शोषते, फांदी वाळते, म्हणून बागवाले ते तोडतात, यात त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी परसातल्या आंब्यावरची सगळी बांडगुळे मीही काढवून घेतली आणि त्यानंतर हळदीकुंकू आमच्याकडे फिरकले नाही, याची चुटपुट अजून जात नाही.

यंदा कुंपणाकडच्या फांदीवर पुन्हा एक कोंब आला आहे. फुलटोच्या पक्ष्याने बी टाकले असावे. परवा माळीदादा कोयता घेऊन आले, तेव्हा तेवढी फांदी राहू द्या, असे त्यांना सांगितले.