तुम्ही विचारलेत म्हणून : नदीच्या गटाला मदत कशी करावी?

ठाण्यातील सोसायट्यांमध्ये उल्हास नदीविषयी बोलून झाले की एक प्रश्न हमखास येतो: ‘नदीसाठी काम करणाऱ्या गटाला आम्हाला मदत करायची आहे, स्वच्छता मोहीम केव्हा आहे?’ मोहिमेला जरूर या. परंतु गटांना अधिक गरज आहे ती वर्षभर चालणाऱ्या, छायाचित्रात न दिसणाऱ्या कामासाठी माणसांची आणि नियमित मिळणाऱ्या थोड्या पैशांची.

कल्याणजवळच्या शहाड येथे उल्हासचे पाणी उचलून ते भिवंडीजवळच्या टेमघरला शुद्ध केले जाते आणि त्यातला वाटा ठाण्याच्या नळांना येतो. सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत तिथवर पोहोचते. उन्हाळ्यात तिला जी धार असते, तिच्यात भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे, म्हणजे मूळचे घाटापलीकडच्या आंध्रा नदीच्या खोऱ्यातले पाणीही असते. एवढ्या मोठ्या पाणलोटावर एका रविवारात नजर ठेवता येत नाही. जलपर्णीचेच पाहा: ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसली जाते, त्यामुळे सांडपाणी येत राहिले तर काढलेली जलपर्णी काही आठवड्यांत पुन्हा पसरते आणि मेहनत केलेल्या मुलांचा हिरमोड होतो, याचे मला फार वाईट वाटते.

गटाचे मुख्य काम म्हणजे ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी पाणी तपासणे. विरघळलेला प्राणवायू मोजताना बाटली आत बुडबुडा न राहू देता भरायची, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडची द्रावणे घालायची, बूच लावून ती उलटसुलट करायची आणि थांबायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत येणाऱ्या वालधुनी नदीच्या पाण्यात, पुढे वस्ती दाट झाल्यावर, असा पांढरा साका ज्याने एकदा पाहिला त्याला प्रदूषण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मात्र एका बाटलीने तक्रार उभी राहत नाही. एकाच जागेच्या महिनोन्महिन्यांच्या नोंदी असतील तरच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा हरित लवादापुढे नेमके बोलता येते. देणगीदार टी-शर्ट आणि फलक आनंदाने देतात. द्रावणे, हातमोजे आणि नमुने आणणाऱ्या मुलामुलींचे रिक्षाभाडे यांसाठी मात्र कोणी पुढे येत नाही. तुमच्या सोसायटीने वर्षभर दरमहा लहानशी रक्कम दिली तर एक तपासणी ठिकाण बंद पडणार नाही. ज्यांना रसायनशास्त्राची धास्ती वाटते त्यांनी नोंदवहीतील आकडे संगणकावर चढवावेत किंवा माहिती अधिकाराचे अर्ज लिहावेत. या दोन कामांना माणसे कायम कमी पडतात.

आणखी एक मदत ठाण्यातूनच होऊ शकते. कर्जत तालुक्यातील ठाकूर आणि कातकरी पाड्यांवर पावसाळा सरताच, ओढ्यांना धार असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घातले जातात. त्यामुळे पाणी काही काळ अडते आणि जमिनीत मुरते. घोडबंदर रस्त्यावर बांधकामे सतत चालू असतात. तेथील मुकादमाला आधी सांगून ठेवले, तर गोणी मधोमध न फाडता शिवणीवर उसवून रिकामी केली जाते आणि ती पुन्हा भरता येते. अशा गोण्या जमवून सप्टेंबरअखेर गटाकडे पोहोचत्या केल्यात, तर त्या वेळेवर ओढ्यात लागतात.