तुम्ही विचारलंत म्हणून: मेकॅनिकबद्दल एवढं काय लिहायचं?

गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांना दोन पानं लिहायची असली की ते माझ्याकडे येतात, मी काही हे धंदा म्हणून करत नाही, होत गेलं तसं. त्यात एक प्रश्न फिरून फिरून येतो. वडील गॅरेजवाले होते, किंवा काका, किंवा सासरे, छोट्या गावात अख्खं आयुष्य गेलं, सगळ्यांना आवडायचे, पण लिहायला बसलं की चार ओळीत संपतं. कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, कुणाला कधी नाही म्हटलं नाही. आता पुढे काय लिहू? मेकॅनिकच तर होते.

हे "मेकॅनिकच तर" ऐकलं की माझं डोकं जरा फिरतं, पण असो.

अहो, ते चार शब्द कुणाच्याही फोटोखाली खपतात. त्यांचं काम लिहा ना. आणि काम म्हणजे "गाड्या दुरुस्त करायचे" एवढंच नाही, नेमकं काय करायचे, कसं करायचे ते. आता त्यांचा कान घ्या. साधं चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना, 900 आरपीएमवर (मिनिटाला 900 फेरे) चालू असेल तर मिनिटाला 1800 वेळा आत पेट्रोल पेटतं, म्हणजे सेकंदाला 30 वेळा, आणि त्यातला एक सिलिंडर मार खात असला की हा माणूस लांबूनच म्हणायचा, मिसिंग करतेय. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकायचं, आवाज टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, की बेअरिंगचा. प्लग काढून रंग बघायचा, काळी काजळी असेल तर मिक्श्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, किंवा जास्त तापतोय, बदामी असेल तर ठीक. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. हे सगळं तो बघता बघता करायचा म्हणून घरच्यांना ते काहीच वाटत नाही, आणि म्हणूनच ते लिहायचं राहून जातं.

कुणी म्हणेल आता स्कॅनर लावला की झालं. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, बिघाडाचा कोड देतो, P0301 आला म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिसफायर, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. बरं, पण का? प्लग गेला, कॉइल गेली, इंजेक्टर चोकअप झाला की कॉम्प्रेशनच नाही, ते त्या कोडमध्ये नसतं, ते शोधायला माणूस लागतो. तुमच्या वडलांनी जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटर आणि पॉइंटवर हात बसवला असेल आणि नंतर उतारवयात फ्युएल इंजेक्शन आलं असेल तर त्यांनी काय केलं ते जरूर लिहा. स्कॅनर शिकले? पोराच्या हातात दिला? की नवीन गाड्या घेणंच बंद केलं? तिन्ही मी ऐकलंय आणि तिन्हीत माणूस कसा होता ते दिसतं.

आता "आवडायचे" याकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1973 साली एक पेपर लिहिला, काम झाल्यावरसुद्धा गिऱ्हाइकाला कळत नाही की त्याची खरंच गरज होती का, अशा सेवांबद्दल. गाडीची दुरुस्ती हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. क्लच प्लेट बदलली म्हणून सांगितलं, गाडी चालतेय, पण जुनी प्लेट अजून वर्षभर चालली असती का हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणजे फसवायला रोज मोकळं रान, आणि ज्या माणसाला सगळं गाव चांगलं म्हणतं त्याने ते रान वापरलेलं नसतं. मग हे लिहायचं कसं? तर त्यांनी काय बदललं नाही ते विचारून घ्या. जुन्या गिऱ्हाइकांना भेटा, "कसे होते हो?" असं विचारू नका, त्याला "फार चांगले" एवढंच उत्तर येतं. विचारा की त्यांनी तुम्हाला कधी परत पाठवलं होतं का, की जा, काही झालेलं नाही, नुसती वायर ढिली होती. लोकांना हे लख्ख आठवतं. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची सवय होती का, हेही विचारा.

चिडायचे का तेही लिहा. चांगला मेकॅनिक चिडतोच. ऑइल न बदलता गाडी पळवणाऱ्यावर, टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते, न बघता बोल्ट आवळून थ्रेड खाणाऱ्या पोरावर. सगळ्यांचा लाडका माणूस शांतच असला पाहिजे असं कुठे आहे?

घरचा भाग मात्र अवघड असतो आणि तिथे लोक हमखास गुळगुळीत लिहितात. गावाला जो मेकॅनिक रात्री-अपरात्री फोन केला तरी येतो तो त्या वेळेला कुणाच्या तरी घरातून उठून गेलेला असतो, ताटकळायला बायको-पोरंच. एका मुलीने मला सांगितलं की बाबांनी सगळ्यांच्या गाड्या दिलेल्या वेळेत दिल्या आणि आमची स्वतःची कायम अर्धी खोललेली असायची, आम्ही कुठे जायचं ठरलं की बसने. हे सांगताना ती हसत होती, आणि लिहिताना मात्र "कुटुंबाला भरपूर वेळ दिला" असं लिहून आणलं! मी म्हटलं, खोडा ते, बसचं लिहा. बसचं लिहिलं आणि त्यातच कळलं की ती पोरं बापावर चिडलेली नव्हती, का नव्हती ते ज्याचं त्याला कळतं.

शरीराचंही लिहावं असं मला वाटतं, यावर घरात वाद होतात. नखांतलं काळं आणि पेट्रोलचा वास यावर सगळे लिहितात, ते गोड वाटतं. पण ब्रेक ड्रममधली धूळ एअरने फुंकून उडवायची पद्धत होती आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, जे फुफ्फुसाच्या कॅन्सरला कारण ठरतं हे सिद्ध झालेलं आहे. पेट्रोलमधल्या बेन्झिनचंही तेच, त्याने ब्लड कॅन्सर होतो, आणि पेट्रोलने हात धुणारे मेकॅनिक सगळ्यांनी पाहिलेत. तुमच्या माणसाला काय झालं आणि कशाने हे ठरवायचं काम तुमचं नाही, ते डॉक्टरांचं, पण गुडघे, कंबर, ऐकू कमी येणं, हे त्या कामातून आलं असेल तर लपवू नका.

लांबी विचाराल तर दोन पानं पुरे. गिऱ्हाइकांची नावं त्यांना विचारल्याशिवाय घालू नका, उधारी कुणाची राहिली ते तर अजिबात नको, तो मोह बऱ्याच जणांना होतो! आणि लिहून झालं की आधी नातेवाइकांना दाखवू नका, ते रडतील आणि छान म्हणतील. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोराला वाचायला द्या. तुम्ही टॅपेटच्या जागी टायमिंग लिहिलं असेल तर तो पहिल्या मिनिटाला पकडेल, आणि मग बहुतेक तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी सांगेल, तेव्हा वही जवळ ठेवा.