तुम्ही विचारलंत म्हणून: आधी ग्राफिक कार्ड घेऊ की प्रोसेसर?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा मेसेज येतोच. "दादा, पंचवीस हजार जमलेत, पीसी अटकतोय, आधी काय बदलू?" आणि बहुतेकांनी ग्राफिक कार्ड मनात ठरवूनच ठेवलेलं असतं, माझ्याकडून फक्त हो हवं असतं. मी लगेच हो म्हणत नाही, कारण ते पैसे कोणीतरी सहा-आठ महिने साठवलेले असतात आणि चुकीच्या पार्टवर गेले की पुढची दोन वर्षं तोच गेम तसाच अटकत खेळावा लागतो.

आधी एवढंच बघायचं की पीसीत कोण कोणासाठी थांबतंय. ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं), हवे असतील तर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला लागते, १४४ ला तर जेमतेम ७. प्रोसेसर ठरवतो कोण कुठे आहे, कुठली गोळी कुणाला लागली, आणि कार्ड ते रंगवतं, एकजण मागे पडला की दुसरा नुसता बसून राहतो. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्ड-प्रोसेसरचा वापर आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते टाका, स्क्रीनवर आकडे लावा आणि जो गेम रोज खेळता तोच अर्धा तास खेळा. व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद ठेवा. कार्डचा वापर ९५-९९ टक्क्यांना चिकटून असेल तर कार्डच कमी पडतंय, घ्या बिनधास्त. तोच आकडा ५०-६० वर रेंगाळत असेल तर नवीन कार्ड आणूनही फारसा फरक पडणार नाही. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून बघा, एफपीएस हललेच नाहीत म्हणजे अडचण प्रोसेसर किंवा रॅमकडे आहे. आणि प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसतोय म्हणून फसू नका हं, प्रोसेसरमध्ये काम करणारे कोअर अनेक असतात आणि गेम बरेचदा एक-दोन कोअरवरच अडकलेला असतो.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला मावसभावाचा पीसी उघडला होता. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड, व्हॅलोरंट गेममध्ये समोरासमोर फायरिंग सुरू झाली की नेमका तेव्हाच अटकायचा, आणि भाऊ आरटीएक्स ३०६० कार्ड घ्यायला पुण्याला तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात निघालेला. आकडे लावले तर कार्ड ५५ टक्क्यांवर, प्रोसेसर मात्र ९३ डिग्री, त्याची मर्यादाच ९५ आहे. साइड पॅनल काढलं तर कूलरच्या पात्यांमध्ये धुळीचा थर असा बसलेला की बोटाने उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. रॅमच्या चार स्लॉटपैकी एकातच ८ जीबीची एकुलती एक स्टिक, आणि ती ३२०० वेगाची असून चालत होती २४०० वर, कारण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, कोणी चालूच केलं नव्हतं. पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ काढली, थर्मल पेस्ट नवीन लावली, एक्सएमपी चालू केलं, दुसऱ्या दिवशी तशीच एक स्टिक आणून दुसऱ्या चॅनेलच्या स्लॉटमध्ये बसवली. दोन चॅनेलमध्ये दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला रॅमकडून दुप्पट रुंद रस्ता मिळतो, ३२०० ला सेकंदाला २५.६ जीबीचे ५१.२ होतात. अटकणं थांबलं. शिवाय त्याचा १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा) मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच होता, ते सेटिंगही बदललं, त्याला एक रुपया लागला नाही.

पण मला खरी भीती वाटली ती एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बघून. कॅबिनेटसोबत आलेली, वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट, पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या लाइनला फक्त १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही त्या १२ व्होल्टवरच जगतात. ३०६० एकटं १७० वॅट मागतं, वर हा प्रोसेसर लोडवर ८८ पर्यंत जातो, करा बेरीज. अशीच एक माझ्याकडे जळाली होती आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेली, त्यामुळे या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही, कार्ड मोठं घ्यायचं असेल तर आधी एसएमपीएस. भावाने साडेचार हजारांत चांगली ५५० वॅटची घेतली, कार्डचे पैसे अजून त्याच्याकडेच आहेत.

हार्डडिस्कवर गेम असतील तर मात्र विचारूसुद्धा नका, एसएसडी (तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान स्टोरेज) घ्या, सायबरपंक २०७७ या गेमने तर २०२३ च्या २.० अपडेटपासून किमान गरजेतच एसएसडी टाकलीय. प्रोसेसरचं गणित बोर्डावर असतं. बी४५० सारखा एएम४ सॉकेटचा (रायझन बसतो त्या खाचेचा) बोर्ड असेल तर बायोस अपडेट करून त्याच्यावरच रायझन ५ ५६०० बसतो, रॅम, बोर्ड सगळं तेच राहतं. पण इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ असेल तर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही एकदम बदलावं लागतं, त्याची जुनी डीडीआर३ रॅम पुढे चालत नाही, मग तेव्हा कार्ड थांबू दे.

म्हणून विचारताना एवढं पाठवा: रोजच्या गेममधला आकड्यांसकट स्क्रीनशॉट, एसएमपीएसच्या स्टिकरचा जवळून फोटो, बोर्डाचं नाव, आणि मॉनिटर किती हर्ट्झचा आहे ते. फोटोत तो १२ व्होल्टचा रकाना नीट वाचता येईल असा काढा.