राजकवी तांब्यांची एनओसी

आधी एक सांगून ठेवते, नाहीतर राहून जाईल: वर्गासाठी काढलेल्या झेरॉक्सची पीडीएफ करून माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. कॉपीराइट कायद्यातली सवलत शिकवण्यापुरती आहे, गावभर वाटायला नाही.

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. पुस्तकाबाहेरच्या काही कविता निवडल्या, २४ पानं झाली. मुलं ३८. बाड्याजवळच्या दुकानात पानाला दोन रुपयांप्रमाणे १,८२४ रुपये झाले. प्राचार्यबाईंनी लगेच सही दिली, मुलांना प्रती मिळाल्या, शिकवायला सुरुवातही झाली. बिल तेवढं लेखा विभागात गेलं आणि बसलं.

"मॅडम, हर कवि की एनओसी लगेगी," बाबूजी म्हणाले. "कल को केस हो गया तो?"

यादीत पहिलंच नाव भा. रा. तांबे. इथल्याच दरबारचे राजकवी, याच गावात १९४१ साली गेले. म्हटलं, यांची एनओसी कुठून आणू? बाबूजी न हसता म्हणाले, "घरवालों से ले आइए."

कॉपीराइटचा हिशोब साधा आहे. कवी गेल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. तांब्यांच्या कविता २००१ संपताच सगळ्यांच्या झाल्या. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क राहणार. पण वर्गात शिकवताना त्याही आड येत नाहीत. कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात प्रती काढायची मुभा सरळ लिहिलेली आहे, प्रश्नपत्रिकेत उतारा घालायचीसुद्धा.

हे मला तेव्हा माहीत असतं तर! घाबरून मी एका प्रकाशकाला परवानगीचं पत्र धाडलं. वीस दिवस उत्तर नाही. त्या पत्राची प्रत शहाण्यासारखी फाइलला लावली होती, तर बाबूजींनी त्यावरच शेरा मारला: "अनुमति प्रतीक्षित". झालं! जी परवानगी लागतच नव्हती, तिच्यासाठी माझं बिल थांबलं, आणि तेही माझ्याच पत्रामुळे. रोज मधल्या सुट्टीत मी त्या खिडकीशी, आणि रोज "आज साहब नहीं हैं".

शेवटी भाचा वकिली करतो त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्याचा निकाल वाच." मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये लावलेला दावा. डिसेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं म्हटलं की शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं घ्यावं, पानांची ठरावीक मर्यादा नाही. निकाल इंग्रजीत, बाबूजींनी हातही लावला नाही. मग कायद्याची हिंदी प्रत छापून नेली. हिंदीत त्याचं नाव "प्रतिलिप्यधिकार अधिनियम" आहे, हे लक्षात ठेवा. "कॉपीराइट" लिहिलेल्या कागदाला आमच्याकडे वजन नाही. कलम ५२ खाली लाल रेघ मारली, प्राचार्यबाईंची सही पुन्हा घेतली.

हो, गॅदरिंगमध्ये नाटक बसवणार असाल तर मुलं, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळींपुढेच करा. बाहेर तिकीट लावून केलंत तर लेखकाची परवानगी घ्यावीच लागेल, तिथे बाबूजी बरोबर ठरतील.

सहाव्या आठवड्यात बिल पास झालं, १,८०० रुपयांचं. २४ रुपये का कापले, ते विचारायला मी गेले नाही.